सर्व्हरवर नसलेला नकाशा

मला खंडेनवमीच्या पूजेचा राग नाही. पूजेआधी जी साफसफाई होते तिचा आहे. जव्हारच्या ज्या संगणक केंद्रात मी सर्व्हर सांभाळते, तिथे नवमीच्या सकाळी प्रत्येक यंत्र जागेवरून उचललं जातं, ओल्या फडक्यानं पुसलं जातं, हॉलच्या मधोमध सतरंजीवर मांडलं जातं आणि त्याला हळदकुंकू लागतं. कीबोर्ड, प्रिंटर, झेरॉक्सचं धूड, आणि सर्व्हरसुद्धा. सर्व्हर कपाटातून हलवायचा नाही असं मी लेखी दिलेलं आहे. त्यावर आमचे केंद्रप्रमुख म्हणाले, "मॅडम, मुख्य देवालाच कपाटात कोंडून बाकीच्यांना झेंडू वाहायचा का?" अशा माणसाशी वाद घालून मी माझं रक्त आटवत नाही. निदान रोज नाही.

त्या वर्षी नवमीला मी नाशिकला बहिणीकडे होते. दसऱ्यानंतरच्या सोमवारी सकाळी, मुलं यायच्या आधी, केंद्र उघडलं. सतरंजी गुंडाळून कोपऱ्यात उभी होती, फरशीवर झेंडूच्या पाकळ्या वाळून पडल्या होत्या आणि सर्व्हरच्या तोंडावर, जिथून हवा आत जाते नेमकं तिथे, हळदीची दोन बोटं उमटलेली होती. माझं डोकं तिथेच फिरलं.

आमच्याकडची व्यवस्था आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. आमच्या केंद्रात कुणाचंही काम तो बसतो त्या मशीनवर राहत नाही. प्रत्येकाचं एक होम असतं, म्हणजे त्याच्या फायलींची जागा, आणि सगळ्यांची होम एकट्या सर्व्हरवर असतात. तुम्ही कुठल्याही मशीनसमोर बसा, नाव आणि पासवर्ड टाका. ते मशीन सर्व्हरकडून तुमचं होम मागून घेतं आणि तुमच्यापुढे जोडून देतं. या जोडण्याला माउंट म्हणतात. काम संपवून तुम्ही उठलात की ते आपोआप सुटतं. चालतं तेव्हा कुणाला कळतही नाही. बंद पडतं तेव्हा सगळे माझ्या नावानं शंख करतात.

तर सोमवारी मी माझ्या टेबलावरच्या मशीनवरून होम उघडायला गेले आणि पडदा गोठला. ना चूक दाखवतोय, ना पुढे जातोय. सर्व्हरला हाक मारून पाहिली, उत्तर नाही. सर्व्हर चालू होता, पंखा घरघरत होता, केबलचा हिरवा दिवासुद्धा लुकलुकत होता. मी आधी नेटवर्कचा स्विच बदलून पाहिला, मग केबल बदलली, मग सर्व्हरलाच कीबोर्ड-मॉनिटर लावून बसले. तासाभरानं पाठीमागे वाकून पाहिलं. सर्व्हरला केबल लावायच्या दोन खाचा आहेत. त्याचा पत्ता दिलेला आहे डावीकडच्या खाचेला. पूजेनंतर यंत्रं जागेवर ठेवताना कुणीतरी केबल उजवीकडच्या खाचेत खुपसली होती. दिवा लागला, म्हणजे झालं, असा हिशेब.

केबल डावीकडच्या खाचेत लावली, तशी सगळी होम परत आली. मी मशीनं एकेक करून चालू केली, प्रत्येकावर लॉगिन करून पाहिलं आणि मग शिपायाला, मग केंद्रप्रमुखांना, जे सुनवायचं ते सुनवलं. "चार दिवस," मी म्हणाले, "नवमीपासून आजपर्यंत चार दिवस या केंद्रात कुणाला एक अक्षर लिहिता आलं नसतं. सुट्टी होती म्हणून वाचलात." हे वाक्य मी मोठ्या ऐटीत म्हणाले. त्याच वाक्यानं पुढे मी एका बाईला खोटारडी ठरवणार होते.

ती आली अकराच्या सुमाराला. वांगणीच्या पलीकडच्या एका पाड्यावरची, पंचविशीची, बारावी शिकलेली. त्या पाड्याच्या ग्रामसभेनं सामूहिक वनहक्काचा दावा टाकायचं ठरवलं होतं; म्हणजे गाव पिढ्यान्‌पिढ्या ज्या जंगलातून लाकूडफाटा, कंद, मोह आणतं, ते जंगल वापरायचा हक्क कागदावर मागायचा. दाव्याला नकाशा लागतो. तो काढायचं काम ग्रामसभेनं हिच्यावर टाकलं होतं. पाड्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला, तिच्या चुलत आज्याला, पुढे घालून ती आणि आणखी चारजण दोन दिवस शीव चालले होते. आजा जिथे थांबून काठी टेकवायचा तिथे ती एका उसन्या जीपीएस यंत्राचं बटण दाबायची. ते यंत्र एका संस्थेचं. नकाशा झाला की परत द्यायचं आणि संस्था ते पुसून पुढच्या पाड्याला देणार, अशी पद्धत होती.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. तेव्हा ती माझ्यासाठी फक्त एक वापरकर्ती होती, जिचं खातं मी नवरात्राच्या आधी उघडून दिलं होतं.

ती लॉगिन करून बसली आणि थोड्या वेळानं माझ्या टेबलाशी आली. "मॅडम, माझा नकाशा दिसत नाय."

"कुठे ठेवला होता?"

"होममधीच. दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी आलेली मी, आणि त्याच्या पुढल्या दिशी. दोन दिस बसून पुरा केला."

मी तिच्याकडे पाहिलं. दसऱ्याचा दुसरा दिवस. त्या दिवशी केबल उजव्या खाचेत होती. सर्व्हरशी कुणाचं बोलणंच होत नव्हतं, तर होम जोडलं जाणार कुठून? आणि होम नाही तर काम होणार कुठून? तरीही मी सर्व्हरची नोंद उघडून पाहिली. प्रत्येक माउंटची तिथे वेळेसकट ओळ पडते. त्या दोन दिवसांत तिच्या नावाची एक ओळ नव्हती. तिचं होम उघडलं. खातं काढलं त्या दिवशीच्या तारखेच्या चार रिकाम्या फोल्डरांशिवाय आत काही नव्हतं.

"तू त्या दिवशी इथे काम केलेलं नाहीस," मी म्हणाले.

"केला मॅडम."

"शक्यच नाही. सर्व्हर तुटलेला होता."

"मी केला. सहा नंबरच्या मशीनवर बसलेली मी."

"इथे सहा नंबर आणि सोळा नंबर असं काही नसतं. काम सर्व्हरवर जातं. मशीन नुसती खिडकी आहे."

"एकदा सहा नंबर बघा ना."

मी तिला दंडाला धरल्यासारखी सहा नंबरपाशी घेऊन गेले, खुर्चीवर बसवलं, लॉगिन करायला लावलं. तेच चार रिकामे फोल्डर. "बघितलंस?" मी म्हणाले. हॉलमधल्या सगळ्या मुलांनी माना वळवल्या होत्या आणि खरं सांगायचं तर मला ते आवडलं. सकाळी दोघांवर चिडूनही माझं पोट भरलं नव्हतं.

शिपाई दारातून म्हणाला, "मॅडम, आलेली ती. मीच खोली खोलून दिलेली."

"आली असेल. मोबाइल चार्ज करायला आली असेल."

हे मी म्हणाले. माझ्या तोंडचे शब्द आहेत, बदलत नाही. पाड्यावर वीज जाऊन-येऊन असते आणि तिकडची मुलं केंद्रात फोन चार्ज करतात, हे मला माहीत होतं. म्हणून ते इतकं नेमकं बोलता आलं. खुर्चीतून उठताना तिनं माझ्याकडे पाहिलं ते सरळ, डोळे न मिटता.

दुपारी ती केंद्रप्रमुखांकडे गेली. तिला पैसा-अडका नको होता, माफी नको होती. तिला एक पत्र हवं होतं: केंद्रातल्या बिघाडामुळे नकाशा गेला, तरी काही दिवसांची मुदत मिळावी. दावा गुरुवारी प्रांत कचेरीत द्यायचा होता. त्या दिवशी आलेले दावे समितीच्या पहिल्या बैठकीत जाणार, उरलेल्यांचं पुढे कधी, कुणी सांगू शकत नव्हतं. आणि शेजारच्या गावाचाही दावा त्याच बैठकीत होता. ज्याचा नकाशा आधी पटलावर, त्याची हद्द आधी धरली जाणार, ही सगळ्यांना धास्ती होती.

केंद्रप्रमुख पत्र द्यायला तयार होते. देव कपाटातून काढणारा माणूस, मनानं मऊ. त्यांनी मला बोलावलं. मी नोंदीचा कागद छापूनच नेला होता. "सर, जे घडणंच अशक्य आहे, त्याचं पत्र आपण कसं द्यायचं? बिघाड होता हे खरं, पण बिघाड होता म्हणूनच हिचं काम झालेलं असू शकत नाही. उद्या कुणी विचारलं तर सही तुमची आहे." त्यांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, केंद्राची अब्रू राखली. ती टेबलापलीकडे उभी होती. म्हणाली, "तुमचा कागद खरा आन मी खोटी?" मी म्हणाले, हो.

पुढे काय झालं ते मला नंतर शिपायाकडून कळलं. तो त्याच बाजूचा. तिनं संस्थेकडून जीपीएस यंत्र एका दिवसासाठी पुन्हा मिळवलं. नकाशा झाला म्हणून तिनं ते परत दिलं होतं आणि जुने बिंदू त्यातून पुसले गेले होते. वहीत होती ती फक्त ठिकाणांची नावं, आकडे नाहीत. म्हणून पुन्हा शीव चालायला हवी होती. आणि आजा अडून बसला. अंगात बळ नव्हतं असं नाही. तो चिडला होता. "एकदा दाखवली शीव," तो म्हणाला. "तुमचा मशीन इसरला, त त्या मशीनला चालवा." हातापाया पडून झालं, पण म्हातारा उठला नाही. त्याच्या मते दोन दिवस ऊन खाऊन, प्रत्येक खुणेपाशी थांबून त्यानं जे दाखवलं, ते या पोरीनं हरवलं होतं. गावातही तेच बोलणं झालं होतं: केंद्रातली मॅडम म्हणते ही कामच करत नव्हती.

त्याच्याशिवाय ते ओढ्यापर्यंत चालले. ओढ्याच्या पलीकडची उतरण, बांबूची आणि मोहाची, तीही त्यांचीच, पण तिथली खूण कुठल्या दगडापासून कुठल्या झाडाला जाते हे त्या म्हाताऱ्यालाच ठाऊक होतं. चुकीची रेघ मारली असती तर शेजारच्या गावानं सगळाच नकाशा खोटा ठरवला असता. तिनं रेघ ओढ्यावर थांबवली आणि गुरुवारी दावा दिला.

मला हे कळलं तेव्हा वाईट वाटलं का? नाही. मी म्हणाले, पहिल्यांदाच नीट काम केलं असतं तर ही पाळी आली नसती.

मार्चमध्ये सहा नंबरचं मशीन कुरकुर करायला लागलं. डिस्क भरली, डिस्क भरली, म्हणून पडद्यावर सूचना. मला हसू आलं, कारण या मशीनांच्या डिस्कवर काही नसतंच. काय जागा खातंय ते मोजून पाहिलं तर सगळ्या फोल्डरांची बेरीज डिस्कच्या निम्मीसुद्धा होईना. निम्मी डिस्क भरलेली, पण दिसत नाही अशी. दुपारभर डोकं खाजवलं. मग, दुसरं काही सुचेना म्हणून, मी त्या मशीनवरचं आपोआप माउंट करणारं काम, जे कुणी बसलेलं नसतानाही होमची अख्खी जागा झाकून धरतं, बंद केलं आणि सर्व्हरकडून जोडलेली होम सोडवली. ती निघाली तसं खाली काहीतरी दिसलं.

हे असं असतं. माउंट म्हणजे आधीच्या अंथरुणावर दुसरं अंथरूण घालणं. खालचं जात नाही, फक्त दिसत नाही. सहा नंबरच्या स्वतःच्या डिस्कवर, सर्व्हरच्या होमखाली, तिच्या नावाचं दुसरं होम होतं. आत नकाशा होता. उपग्रहाची चित्रं होती, त्यांनीच जागा अडवली होती. शीवेचे सगळे बिंदू होते, आज्याच्या शब्दांत नावं दिलेले: वाघ्याचा दगड, फुटका उंबर, जुनं खळं. फायलींवर तारीख दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची, आणि तिसऱ्या.

पण सर्व्हर तुटलेला असताना हे होम बनवलं कुणी? मी मशीन सुरू होतानाच्या आज्ञा उघडल्या आणि वाचत खाली आले. शेवटी तीन ओळी होत्या: सर्व्हर उत्तर देत नसेल तर माउंट सुरू करू नकोस, याच मशीनवर तात्पुरतं होम बनव आणि माणसाला काम करू दे. त्यावर माझं नाव आणि तारीख. आदल्या वर्षी एका परीक्षेच्या सकाळी सर्व्हर बसला होता, मुलं पडद्याकडे बघत बसली होती, केंद्रप्रमुख माझ्यावर ओरडले होते, आणि मी रागारागात पहिल्या आठ मशीनांवर ही पळवाट टाकून दिली होती. नंतर काढायची, म्हणून. काढली नाही आणि विसरले.

मला त्या क्षणी जे वाटलं ते लिहिते, कारण पश्चात्ताप वगैरे नंतर आला. पहिल्यांदा वाटलं, पुसून टाकावं. कुणालाच माहीत नव्हतं. तिच्यावर राग आला, की हिनं तेव्हा आणखी भांडायला हवं होतं. नंबर सांगून गप्प बसली! मग हे आपण खरंच असं म्हणतोय हे लक्षात आलं आणि मला माझीच किळस आली. ती गप्प बसली नव्हती. तिनं जागा सांगितली होती, मशीन सांगितलं होतं, दिवस सांगितले होते. साक्षीदारसुद्धा होता. इतकी नेमकी तक्रार माझ्याकडे तोवर कुणीच केली नव्हती.

मी नकाशा मोठ्या कागदावर छापला, केंद्रप्रमुखांना सगळं सांगितलं, आणि दोन दिवसांनी पहाटेची एसटी धरून वावर गावापर्यंत आणि पुढे पायी निघाले. रस्ता म्हणजे नुसती खडी. मनात भाषणाची जुळवाजुळव चालली होती. लेखी माफी देईन, कचेरीत उभी राहीन, हा नकाशा लावायची खटपट करीन.

ती घरासमोर टोपलं सारवत होती. मला पाहून उठली नाही. मी कागद उलगडून तिच्यापुढे धरला आणि उभ्यानंच सांगितलं: नकाशा सापडला, सहा नंबरवरच होता, चूक माझी होती, तू खरं बोलत होतीस. ती हात न धुता कागदावर वाकली. शेणाचं बोट कागदाला न लावता तिनं रेघेवरून हवेतून फिरवलं, दगडापासून उंबरापर्यंत, उंबरापासून खळ्यापर्यंत. आजा ओसरीत बसला होता. तिनं त्याच्याकडे एकदा पाहिलं. त्यानं तोंड फिरवलं.

"आता हा चालंल?" तिनं विचारलं.

चालणार नव्हता. मी आदल्या दिवशी कचेरीत विचारून आले होते. पुन्हा ग्रामसभा, पुन्हा ठराव, आणि शेजारच्या गावाची संमती. शेजारच्या गावानं ओढ्यापलीकडची उतरण आपल्या दाव्यात घेतली होती. का नाही घेणार? तिच्याच नकाशात हद्द ओढ्यापर्यंत होती. हे मी तिला सांगितलं. प्रयत्न करू, असंही म्हणाले. माझा आवाज मलाच पोकळ वाटला.

"चला," ती म्हणाली. सारवलेलं टोपलं तिनं उन्हाला ठेवलं आणि दुसरं उचललं.

आम्ही गावामागून उतरलो. मोहाची फुलं पडायचे दिवस होते. वाटेवरच्या प्रत्येक झाडाखाली पाला झाडून जागा स्वच्छ केलेली, बायका आणि पोरी वाकून फुलं वेचत होत्या. कुणी मला ओळखत होतं का, माहीत नाही. एकजण काहीतरी बोलली आणि बाकीच्या हसल्या नाहीत. अर्ध्या तासानं ओढा आला. मार्चमधला ओढा, पाण्याचा टिपूस नाही, नुसते गोटे. चार पावलं टाकली की पलीकडे. पलीकडे मोहाची मोठी झाडं होती, अलीकडच्यांपेक्षा जुनी, आणि त्यांच्याखाली फुलांचा खच. न वेचलेला, काही ठिकाणी गुरांनी तुडवलेला.

ती काठावर थांबली. मी पुढे पाऊल टाकलं आणि ती येत नाही म्हणून मागे वळले.

"गेल्या साली आमी हितं येचायचू," ती म्हणाली. "औंदा गेलू त त्या गावच्या बायांनी नकाशा दाखवला. म्हणं, तुमीच लिवून दिलाय."

मी कागदाची गुंडाळी दुसऱ्या हातात घेतली.

"तुम्ही जा की," ती म्हणाली. "बघायचा असंल त बघा जाऊन. तुमाला कोण नाय इचारनार."

तिनं रिकामं टोपलं कमरेवर घेतलं आणि आल्या वाटेनं चढायला लागली. मी गोट्यांत उभी होते, हातात गुंडाळलेला कागद. त्या कागदावर समोरची सगळी झाडं तिच्या गावात होती.